शेवटचा हात

आमच्या लॅबचं काम परत येत नाही, हे मास्तरीण स्वतः कधी सांगत नसे. ते ती दुसऱ्याकडून वदवून घ्यायची. नवा दंतवैद्य पहिल्यांदा काम घेऊन आला की ती मालकांकडे नुसती बघायची, आणि मालक घसा खाकरून म्हणायचे, आमच्याकडची कॅप परत येत नाही हो, सवयच नाही आम्हाला. तेवढं कानावर पडलं की ती मान खाली घालून पुन्हा कामाला लागायची.

मास्तरीण हे नाव लॅबवाल्यांनीच पाडलेलं. तोंडावर सगळे ताई म्हणत. दुसऱ्याचं काम हातात आलं की तिची मान आधी नकारार्थी हलायची आणि मग ती काम बघायची, म्हणून पाठीमागे मास्तरीण. हे तिला माहीत होतं आणि त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. धाक असला की काम सरळ होतं, असं ती नवऱ्याला सांगायची. नवऱ्याचा जन्म बसडेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावण्यात गेला होता. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, बरं.

लॅब म्हणजे रंगांच्या दुकानावरचा एक लांबोडा हॉल, उत्तरेला खिडक्या असलेला, कारण दाताचा रंग दिव्याखाली खोटं बोलतो. मागच्या खोलीत प्लास्टरवाले काका. डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचे साचे यायचे, त्यात काका प्लास्टर ओतायचे आणि वरचा जबडा, खालचा जबडा एका बिजागरीच्या सांगाड्यावर बसवून द्यायचे. हाताने तो जबडा उघडायचा, मिटायचा, जसा तो माणूस चावतो तसा. मग दोघी मावसबहिणी आतलं धातूचं टोपण करायच्या. त्यावर कुंचल्याने दाताची माती चढवायची, भट्टीत भाजायची, घासून आकार द्यायचा, हे काम हळूबाईचं आणि जावयाचं. जावई हा कुणाचाच जावई नव्हता. कडक इस्त्रीत यायचा आणि चहा समोर आल्याशिवाय हलायचा नाही, म्हणून जावई. हळूबाई मात्र नावाप्रमाणे होती. हळू बोलायची, हळू चालायची, आणि तिच्या हातातून दात उतरायला वेळ लागायचा. पण उतरला की तो दात वाटायचा, भांड्याचा तुकडा नाही.

शेवटच्या भट्टीत चकाकी देण्याआधी प्रत्येक कॅप मास्तरणीच्या टेबलावर यायची. ती सांगाड्याच्या जबड्यांमध्ये निळा कागद धरायची, टकटक करून दात मिटायची आणि बघायची. कॅप उंच असेल तर माथ्यावर निळा ठिपका उमटतो. तो ती घासून काढायची. काका म्हणायचे, माणसाला बायकोतले दोष वर्षभर कळत नाहीत, पण दातातला केसभर उंचवटा पहिल्या घासाला कळतो. तर तो केसभर उंचवटा काढायचा, याला तिथे शेवटचा हात म्हणत, आणि शेवटचा हात मास्तरणीचा. तिथे दुसऱ्या कुणाचं काही चालत नसे.

तिचा हात खरोखरच सोन्याचा होता, यात वाद नाही. उमेदवारीच्या दिवसांत तिच्या उस्तादाने तिने केलेले दात केराच्या टोपलीत टाकले होते, एक शब्दही न बोलता, आणि तिने त्या टोपलीतून ते काढून घरी नेऊन रात्र रात्र पुन्हा केले होते. तेव्हापासून तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. चांगलं काम म्हणजे आपण केलेलं काम. दुसऱ्याचं फार तर बरं असतं. व्यवसायाच्या स्पर्धेत ती दरवर्षी कप आणायची. ते कप लॅबच्या कपाटावर मांडलेले होते आणि पुसायला ती कुणाला हात लावू देत नसे.

मग तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. तिने बरेच दिवस लपवलं. भिंगावर भिंग लावलं, टेबल खिडकीच्या आणखी जवळ घेतलं, पण काळं-पांढरंच धुरकट दिसायला लागल्यावर काय करणार. डॉक्टरांनी सांगितलं, एकामागून एक दोन्ही डोळे करू, महिनाभर धुळीत जायचं नाही.

मालकांनी तिला आत बोलावलं तेव्हा तिला वाटलं, आता ही सुट्टी नडणार. झालं उलटंच. मालक नवी लॅब काढत होते, मोठी, भट्ट्या नव्या, माणसं तिप्पट. त्यांनी खुर्ची पुढे ओढून सांगितलं की तिथलं सगळं तुमच्या हाती द्यायचा विचार आहे. अट एवढीच, इथलं तुमच्यावाचून चाललं पाहिजे. महिनाभर तुम्ही नाहीच आहात, तर कुणाला तरी नेमून जा. नीट चाललं तर इथे ती व्यक्ती आणि तिथे तुम्ही.

तिचे पाय जमिनीला लागेनात. हीच खुर्ची तिने आयुष्यभर मागितली होती, मनातल्या मनात, टोपलीसमोर वाकल्यापासून. आणि कुणाला नेमायचं यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. हळूबाई. मालकांनाही तेच वाटत होतं, तिने त्यांना तसं सांगितलंही.

शेवटच्या दिवशी सगळे तिच्या टेबलाभोवती जमले. काकांनी हात धुऊन घेतले होते, मावसबहिणी उगाच रडवेल्या झाल्या होत्या. हळूबाईने विचारलं, ताई, शेवटचा हात कुणी द्यायचा? हळूबाईचं नाव मास्तरणीच्या जिभेवर होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण समोर ते कपाटावरचे कप, हाताखाली तिचं टेबल, आणि आपण गेल्यावर या टेबलावर दुसरं कुणी बसेल हे तिच्या घशाखाली उतरेना. ती म्हणाली, "जसं चाललंय तसं चालू द्या. सगळे मिळून बघा." आणि पर्स उचलून निघाली.

सगळे मिळून म्हणजे कुणीच नाही, हे तिला समजत नव्हतं असं नाही. मालकांना तिने फोनवर सांगितलं, सांगितलंय सगळ्यांना नीट.

महिना घरात गेला. डोळ्यावर पट्टी, खोलीचे पडदे ओढलेले, नवरा वर्तमानपत्र वाचून दाखवतोय आणि तिचं लक्ष फोनकडे. तो वाजावा असं तिला वाटत होतं. आपल्यावाचून तिथे चाकं हलू नयेत, आणि तरी ती नवी खुर्चीही आपल्याला मिळावी, अशा दोन्ही मागण्या तिचं मन एकदम करत होतं. माणसाचं मन लहान मुलासारखं हट्टी असतं, त्याला एका हातात दोन्ही हवं असतं.

फोन वाजला तो मालकांचा. कॅप परत येत होत्या. एक नाही, दोन नाही, डॉक्टरांमागून डॉक्टर. उंच लागतात, पेशंटचे जबडे दुखतात. मालकांचा आवाज उतरला होता. मास्तरीण हळहळली, म्हणाली, अरे देवा, असं कसं केलं यांनी. पण पट्टीच्या आत तिला बरं वाटत होतं. अगदी आतून बरं. पुढे कित्येक महिने तिला दुसरं काही नाही, तेवढं त्या क्षणाचं बरं वाटणं आठवून स्वतःची किळस यायची.

ती परतली तेव्हा नव्या डोळ्यांनी सगळं लख्ख दिसत होतं. कपाटावरची धूळ दिसत होती. हळूबाईचे केस कानामागे पांढरे झालेले दिसत होते, आणि ते एका महिन्यात झाले नव्हते. परत आलेलं काम तिच्या टेबलावर ट्रेमध्ये मांडून ठेवलेलं होतं. तिने एकेक कॅप सांगाड्यावर चढवली, निळा कागद धरला, टकटक केली. उंच. ही उंच. तीही उंच. मग ती सगळ्यांच्या देखत हळूबाईकडे वळली.

"इतकी वर्षं शिकवलं त्याचं हे केलंत? महिनाभर पाठ काय वळवली, अब्रू घालवलीत."

जावई इस्त्रीच्या बाहीवरची धूळ झटकायला लागला. काका प्लास्टर घट्ट होतंय असं पुटपुटत आत गेले आणि दाराआड उभे राहिले. हळूबाई कुंचला धूत होती. तिने तो धुऊन पुरा केला, टोक जुळवलं आणि आडवा ठेवला.

"ताई, हे आम्ही तुमच्यासाठी ठेवत होतो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्हाला काढायला काहीतरी लागतं. वर थोडं ठेवलं की तुम्ही तेवढंच काढता. बाकीच्या दाताला हात लावत नाही."

मास्तरणीला पहिल्यांदा उलगडा झाला नाही. मग तिने ट्रेकडे पाहिलं. सगळ्या कॅप उंच होत्या, पण सगळ्या एकाच जागी आणि एकसारख्याच. हयगयीने उंच राहिलेलं काम असं नसतं, कुठे जास्त राहतं, कुठे कमी. हे मापून ठेवलं होतं. आणि तिला हळूबाईचा पहिल्या आठवड्यातला एक दात आठवला. समोरचा, कडेला जरासा निळसर. त्यात काढण्यासारखं काही सापडलं नव्हतं. काही सापडलं नाही म्हणून ती अस्वस्थ झाली होती, आणि मग बाजू घासली, मग ती बाजू जुळवायला दुसरी घासली, आणि शेवटी अख्खा दात मोडून स्वतः नवा केला होता. तेव्हा तिला वाटलं होतं, आपण पोरीला शिकवलं. हळूबाई शिकायचं ते शिकलीच होती. काकांनी तिला सल्ला दिला असणार, वर थोडं ठेव गं बाई, म्हणजे खालचा दात वाचेल. मग जावयाने पाहून उचललं, मग मावसबहिणींनाही कळलं. लॅबची रीतच होऊन गेली. तिला सोडून सगळ्यांना ठाऊक असलेली.

पण मास्तरीण ती मास्तरीण. तिला वाटलं, यांना आता पेचात धरलं.

"मी नव्हते ना इथे? मग कुणासाठी ठेवलंत?"

हळूबाई आपल्या हातांकडे बघत राहिली. "यावेळी पुरं करायलाच बसलो होतो, ताई. पण हात तिथेच थांबतो आता. निळा ठिपका दिसला की वाटतं, झालं. इतकी वर्षं ठिपक्यासकटच काम हातावेगळं केलंय. आणि शेवटचा हात कुणाचा ते तुम्ही सांगितलं नव्हतं. मी जावयांना कसं म्हणू, आणा, तुमचं मी बघते म्हणून?"

बोलायचं होतं ते तेव्हाच. चूक माझी झाली, एवढं म्हणायलाही नको होतं. घे, तू कर, एवढं म्हणून ट्रे तिच्याकडे सरकवला असता तरी पुष्कळ होतं. मास्तरणीने ट्रे स्वतःकडे ओढला, खुर्ची पुढे घेतली, मशीन सुरू केलं आणि सगळ्या कॅप एकटीने घासून पुऱ्या केल्या. बाकीचे उभे राहून बघत होते. हळूबाई थोडा वेळ तिच्या हातांकडे बघत होती, मग बघायची थांबली.

महिनाअखेर हळूबाईने लॅब सोडली. दुसरीकडे मिळालंय, घरापासून जवळ पडतं, म्हणाली. जवळ पडत नव्हतं, दोन बस बदलायला लागायच्या, मास्तरणीच्या नवऱ्यानेच ते वेळापत्रक लावलेलं. मावसबहिणी जिन्यापर्यंत पोचवायला गेल्या. मास्तरणीच्या हातात तेव्हा एक दाढ होती, ती खाली ठेवून उठायला तिला सुचलं नाही.

नव्या लॅबवर मालकांनी बाहेरचा माणूस आणला. तिला बोलावून सांगितलं तेही गौरवानेच. "तुम्हाला इथून हलवलं तर इथलं काय होईल, तुम्हीच सांगा. तुमच्यावाचून एक दात पुरा होत नाही इथे." हेच वाक्य आधी कुणी म्हटलं असतं तर ती आठवडाभर फुलून राहिली असती. आता ते ऐकताना तिला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, आणि ती म्हणाली, खरं आहे.

तिने प्रयत्न केला नाही असं नाही. एका सकाळी जाहीर केलं, यापुढे ज्याचं काम, शेवटचा हात त्याचाच. जावयाला ती परीक्षा वाटली आणि तो त्या दिवशी आजारी पडला. मावसबहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. हळूबाईच्या जागी आलेली बाई कॅप घेऊन सरळ तिच्या टेबलापाशी उभी राहायची, ठिपक्यासकट. परत पाठवली की तास-दोन तासांनी तीच कॅप घेऊन पुन्हा हजर, जास्त बावरलेली. डॉक्टरांचे फोन सुरू झाले. पंधरवड्यात मास्तरणीचं मशीन पुन्हा सगळ्यांसाठी फिरायला लागलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. तिनेही टाकला, हेच तर दुखणं.

झोपेत दात खायची तिची सवय जुनी. त्यातच डाव्या बाजूची एक दाढ तडकली. जवळच्या डॉक्टरने साचा घेतला आणि तिच्याच लॅबला पाठवला, आणखी कुठे पाठवणार. काकांनी पाकिटावरचं नाव वाचलं आणि त्यांच्या जिवाचं पाणी पाणी झालं. त्यांनी प्लास्टर ओतून जबडा मावसबहिणींपुढे ठेवला. त्यांनी टोपण करून जावयासमोर सरकवलं. जावयाने ते कापडाने झाकून नव्या बाईपुढे सरकवलं, तिने परत काकांकडे. मास्तरणीचा जबडा असा लॅबभर फिरत होता आणि प्रत्येकाला त्याच दिवशी दुसरं तातडीचं काम निघत होतं. ती सगळं बघत होती. पहिल्यांदा हसू आलं. मग घरी जाऊन तिने डॉक्टरला फोन केला आणि सांगितलं, बाहेर कुठेही द्या, तुम्हाला योग्य वाटेल तिथे.

कॅप बसवायच्या दिवशी डॉक्टरने ती दाढेवर ठेवली, दातांमध्ये निळा कागद धरला आणि म्हणाला, मिटा. तिने दात मिटले. तिला वाट बघायची सवय होती, त्या पहिल्या टेकण्याची. ते आलंच नाही. सगळे दात एकदम, शेजारी शेजारी बसलेल्या घरच्या माणसांसारखे एकमेकांना भेटले. डॉक्टरने आरशातून पाहिलं आणि कागद टाकून दिला. या लॅबचं काम आलं की मशीन हातात घ्यावंच लागत नाही, म्हणाला.

ती जिभेने चाचपत राहिली. मग तिने आरसा मागितला. शेजारच्या दाढेवर चहाचा एक जुना तपकिरी डाग होता, त्याच्याच फिक्या रंगाची एक रेघ नव्या दाढेच्या खाचेत ओढलेली होती, कुणी बघणार नाही अशा जागी. साचा पाठवताना डागाचं कुणी कळवत नाही. तो डाग वर्षानुवर्षं समोर बसून, तिच्या उघड्या तोंडातलं बोलणं ऐकत जिने पाहिला होता तिलाच माहीत असणार. लॅबचं नाव विचारायची गरज नव्हती. तरी तिने विचारलं. हळूबाई जिथे गेली होती तीच.

दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून तिने फोन लावला. हळूबाईने आवाज ओळखला आणि पहिलं वाक्य कामाचंच बोलली.

"ताई, उंच लागतेय का? डॉक्टरांकडे ठेवून द्या, मी घासून देते."

"नाही, काहीच लागत नाही," मास्तरीण म्हणाली. मग थट्टेच्या सुरात, जमेल तसं, "माझ्यासाठी वर थोडं ठेवायला विसरलीस की काय?"

"ती सवय मोडायला मला फार दिवस लागले, ताई. इथल्या मुख्य बाई कॅपला स्वतः मशीन लावायच्या नाहीत. ठिपका दिसला तरी परत माझ्याच हातात द्यायच्या, म्हणायच्या, तुझं झालं की सांग."

रस्त्यावरून एक बस गेली. परत ये, हे शब्द मास्तरणीच्या तोंडाशी आले होते आणि ते बोलायचा आपल्याला हक्क उरला नाही हेही तिला कळत होतं. म्हणून ती दुसरं बोलली, जे बोलायला एक अख्खं वर्ष उशीर झाला होता.

"त्या दिवशी मी तुझं नाव सांगायला हवं होतं."

पलीकडे भट्टीचं दार लागल्याचा आवाज आला. तिला वाटलं, आता हळूबाई म्हणेल, जाऊ द्या ताई, झालं गेलं. ती तसं म्हणायची, प्रत्येक वेळी म्हणायची, समोरच्याला मोकळं करायला. काढायला थोडं ठेवायची.

"हो," हळूबाई म्हणाली. "सांगायला हवं होतं."

मग तिने दोन दिवस डाव्या बाजूने कडक काही चावू नका असं बजावलं आणि काम पडलंय म्हणून फोन ठेवला. मास्तरीण घरी आली. नवऱ्याने विचारलं, कशी बसली कॅप? ती म्हणाली, त्यात काढायला काही नाही, आणि चप्पल पायात तशीच ठेवून दारात बसून रडायला लागली. तो बरं म्हणाला नाही. शेजारी येऊन बसला.